परळीहून बीर-बिलिंगला उडायला जायचं तर सात दिवस काढा

परळीत 'थर्मल' म्हटलं की लोकांना वीज केंद्र कळतं. रिक्षावाल्याला "थर्मलला चल" म्हणायचं, तो बरोबर नेऊन सोडतो. मी याच गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. थर्मलचा दुसरा अर्थ मला बेचाळिसाव्या वर्षी हिमाचलमध्ये कळला: उन्हाने तापलेल्या डोंगरउतारावरून वर चढणारा गरम हवेचा झोत, ज्यावर पॅराग्लायडर घारीसारखा तरंगत राहतो. तेव्हापासून चार वेळा बीर-बिलिंगला जाऊन आलो. दुकानात औषध घ्यायला आलेली माणसं भिंतीवरचा फोटो बघतात आणि विचारतात, कसं जायचं, किती खर्च येतो, भीती वाटते का. किती दिवस लागतात हे मात्र फारसं कोणी विचारत नाही, आणि खरं तर तेच आधी विचारायला पाहिजे. माझं उत्तर, तिथे सात दिवस. प्रवासाचे वेगळे.

पहिल्या खेपेला माझी काय चूक झाली ते सांगतो, म्हणजे सात का म्हणतो ते कळेल. मी तीन दिवसांचा हिशेब धरून गेलो होतो. पहिले दोन दिवस आभाळ खाली आलेलं, समोरचा डोंगरसुद्धा दिसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता बिलिंगच्या उतारावर उभा होतो आणि रात्रीच्या बसचं तिकीट खिशात होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारंगी कापडी पिशवी, विंडसॉक, घडीत समोरून फुगायची, घडीत पाठीमागून. पायलट म्हणत होता थांबू. मीच त्याच्या मागे लागलो, "भैया, आज नहीं तो फिर कब आऊँगा?" शेवटी वारा समोरून आलेला बघून त्याने धाव घेतली. पहिली दहा मिनिटं सुरेख गेली. उतरायला म्हणून दरीकडे वळलो, तर खालून येणारा वारा एवढा होता की पायाखालचं एक पत्र्याचं घर हलेचना. आम्ही उडत होतो, पण जागच्या जागी. उतरायचं मैदान काही गाठता आलं नाही. पायलटने मोठ्या शिताफीने भात कापलेल्या पायऱ्यांच्या शेतात उतरवलं. बांधाच्या दगडावर माझा गुडघा आपटला, तीन आठवडे मांडी घालून बसता आलं नाही. पायलटचा काही दोष नव्हता. खिशातल्या तिकिटाने घाई केली होती, आणि ते तिकीट मी काढलं होतं.

असं का झालं ते नीट समजून घ्या. दोघांना घेऊन जाणारा टँडेम ग्लायडर हवेतून साधारण ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने पुढे जातो. त्याला ना इंजिन, ना ॲक्सिलरेटर दाबून पळवायची सोय. समोरून ताशी ३५ किलोमीटरचा वारा आला की जमिनीच्या हिशेबाने तुम्ही उभेच. त्याहून जास्त आला तर मागे ढकलले जाता, आणि डोंगरात 'मागे' म्हणजे कडा, झाडं, विजेच्या तारा. म्हणून वारा हा इथला मालक. त्याच्या मर्जीला पुरेल एवढा वेळ आपल्या हातात पाहिजे.

तारखा कशा धरायच्या

बीर-बिलिंगचे दोन हंगाम. मार्च ते जूनचा पहिला, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दुसरा. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, हिमाचलमध्ये उड्डाणांना बंदी असते. या काळात कोणी "सोय करून देतो" म्हणालं तर त्याच्याकडे फिरकू नका. उन्हाळी हंगामात थर्मल जोरदार असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात वळवाचे ढग जसे चार वाजता अंगावर येतात तसे तिथे डोंगरावर येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरच धरावा, हवा जरा शांत असते.

हा काळ आपल्या शेतकऱ्यालाही सोयीचा पडतो. सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा-ज्वारीची पेरणी उरकलेली असते, घाटेअळीची फवारणी अजून लांब असते. माझ्याही दुकानात दिवाळीनंतर पंधरा दिवस गिऱ्हाईक कमी असतं. मी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरतो. कापूसवाल्यांनी मात्र वेचणीचं बघून ठरवावं.

जायचं कसं

मराठवाड्याला सचखंड एक्सप्रेसचा मोठा आधार आहे. नांदेडहून निघते, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्लीवरून अमृतसरला जाते. मी परळीहून परभणीला जाऊन ती धरतो. दिल्लीला उतरून रात्रीच्या बसने बैजनाथ-बीरकडे जाता येतं. मला मात्र दुसरा मार्ग आवडतो: जालंधरला उतरायचं, तिथून पठाणकोट, मग कांगडा, पालमपूर करत बैजनाथ. वळणं कमी लागतात आणि रात्रीच्या घाटाच्या बसमध्ये पोट ढवळत नाही. सचखंडमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर शीख मंडळी लंगर वाढतात, तेव्हा सोबत एक ताट-वाटी असू द्या. तरी घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी हवीच. दशम्या घेतल्या तर तिसऱ्या दिवशीपर्यंत चालतात.

पठाणकोटच्या स्टँडवर पाटी वाचायला गेलात की आपल्याला एक वेगळंच सुख मिळतं. बीर हे गाव तिथे हिंदीत 'बीड़' असं लिहितात, आणि त्याच्या अलीकडचं मोठं गाव बैजनाथ. बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथचा माणूस दोन हजार किलोमीटर जाऊन 'बैजनाथ-बीड़' अशा पाटीखाली उभा राहतो. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आधी देवाला जा, उडायचं नंतर बघ." मी दर खेपेला तसंच करतो. बैजनाथचं शिवमंदिर दगडी आहे, सन १२०४ चं. उंच शिखर, मागे धौलाधारची बर्फाची रांग. प्रवासाने आंबलेलं अंग तिथे तासभर बसलं की हलकं होतं, आणि उड्डाणाच्या आधी एक दिवस विश्रांतीही आपोआप घडते.

टँडेम की कोर्स

पहिल्यांदा टँडेमच करा. पायलट मागे, तुम्ही पुढे, सगळी दोरी त्याच्या हातात. बिलिंगची उड्डाणाची जागा सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि उतरायचं मैदान त्याच्या साधारण ९०० मीटर खाली. ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला मीटर-सव्वा मीटर खाली येतो, म्हणजे हवेने काहीच दिलं नाही तरी बारा-पंधरा मिनिटं मिळतात. थर्मल सापडला तर अर्धा तास.

स्वतः उडायला शिकायचं असेल तर बीरपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उंची फार, हवा जोरकस. आधी मावळात कामशेतच्या टेकड्यांवर पी-१, पी-२ हे सुरुवातीचे कोर्स शिका. तिथे पाय घसरला तरी गवतात बसता. बीरमध्ये पुढची धार सोडून मागच्या उंच डोंगरांत शिरलेल्या अनुभवी पायलटांचेही अपघात झाले आहेत.

टँडेमवाल्याला तीन गोष्टी विचारा आणि विचारायला संकोचू नका. पर्यटन खात्याची नोंदणी असलेलं पायलटचं कार्ड दाखवा. राखीव पॅराशूट आहे का, ते दाखवा. हवामानामुळे उड्डाण झालं नाही तर पैसे परत की दुसरा दिवस, हे लिहून द्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जो कुरकुरतो, त्याच्याकडे बुकिंग करू नका, कारण वाईट हवेतही उडवायचा मोह त्यालाच होणार. प्रवास विम्यात साहसी खेळ धरले आहेत का हेही आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

आभाळ वाचायला घरीच शिका

मराठवाड्याच्या माणसाला हे जमतंच. आपलं अख्खं वर्ष वर बघण्यात जातं. फक्त त्या बघण्याला थोडी दिशा द्यायची.

हिवाळ्यात सकाळी सातला परळीच्या चिमणीचा धूर बघा. थोडा वर जातो आणि मग कोणी वरून झाकण ठेवल्यासारखा आडवा पसरतो. खाली थंड हवा, वर गरम हवेचा थर, म्हणून धूर वर जाईना. या वेळी ग्लायडरलाही वर चढायला काही मिळत नाही, नुसतं सरळ खाली यायचं. दहा-अकरापर्यंत जमीन तापते, झाकण फुटतं, धूर गटांगळ्या खात वर चढतो. त्याच सुमाराला घारी पंख न हलवता गोल-गोल घिरट्या घेऊ लागतात. नांगरलेल्या काळ्या रानातून वावटळ उठते ती म्हणजे धूळ अंगावर घेतलेला थर्मलच. बीरमध्ये चिमणीच्या जागी चुलींचा धूर दरीवर आडवा पडलेला दिसतो आणि घारींच्या सोबतीला मोठी हिमालयी गिधाडं असतात. पायलट त्यांच्याकडे बघूनच थर्मल शोधतात. गिधाडं फिरायला लागली की उड्डाणांना वेग येतो.

फवारणीचा नियम आठवा. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, सकाळी वारा पडलेला असताना फवारा, दुपारी औषध शेजाऱ्याच्या रानात जाईल. डोंगरात हाच वारा घड्याळाने चालतो. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते, दिवस तापला की दरीतून वर वाहू लागते आणि दुपारी दोन-तीनला तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. ज्याने माझा गुडघा फोडला तो हाच दरीचा वारा. ज्याला धक्के नको आहेत, सोबत वयस्कर आई-वडील किंवा लहान मुलं आहेत, त्याने सकाळी लवकर पाळी मागावी. ज्याला उंच जायचंय त्याने अकरा ते एक.

ढगांचं असं. निळ्या आभाळात कापसाच्या बोंडासारखे सपाट बुडाचे छोटे ढग म्हणजे चांगला दिवस. प्रत्येक ढगाखाली एक थर्मल. त्यांच्यावर नजर ठेवा. ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढू लागला, डोकं फुलकोबीसारखं फुगलं, बूड काळं पडलं की उड्डाणाचा विचार सोडा. असा वाढता ढग खालची हवा वर ओढून घेतो, माणसासकट. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात एवा विस्निएर्स्का या जर्मन पायलटला असाच ढग ९९४६ मीटरवर घेऊन गेला. ती बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ साचलं, आणि तरीही जिवंत उतरली. त्याच ढगात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. ती जगातल्या निवडक पायलटांपैकी होती, हे लक्षात ठेवा.

आणखी एक खूण आपल्या आजीला माहीत असलेली: चंद्राला खळं. उंचावर पातळ ढगांचा पडदा आला की खळं दिसतं. हिमालयात त्या पडद्यामागे बऱ्याचदा पश्चिमी विक्षोभ असतो, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणारी खराब हवा. आधी पडदा, मग जाड ढग, मग दिवस-दोन दिवस पाऊस, वर बर्फ. सात दिवसांत असा एक जरी विक्षोभ आला तरी तीन दिवस जातात. तीन दिवसांची सहल काढणाऱ्याची म्हणूनच अडचण होते.

मोबाईलवर दोन गोष्टी बघा. विंडी ॲपवर जमिनीलगतचा वारा बघून खूश होऊ नका, उंचीचा सरकता पट्टा ३००० मीटरवर नेऊन तिथला वारा बघा. खाली झाडाचं पान हलत नसताना वर ताशी चाळीसने वारा वाहत असतो, हे मी स्वतः पाहिलंय. दुसरं दामिनी, पुण्याच्या हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं ॲप. आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात, त्यामुळे ते तुमच्या फोनमध्ये असेलच; नसेल तर बीरसाठी नको, घरासाठी आजच घ्या. गडगडाट ऐकू आला तर चमक आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ढग लांब.

न उडण्याचा दिवस

तिसऱ्या खेपेला भाचा सोबत होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अकरा वाजता बिलिंगवर पोहोचलो. ऊन होतं, पंधरा-वीस ग्लायडर हवेत होते. आमच्या पायलटने मागे, धौलाधारकडे बोट दाखवलं. तिथे एक ढग उभा वाढत होता. चहा घेतला, पाऊण तास बघत बसलो. वारा एकाएकी पडला, तिबेटी पताका लोंबायला लागल्या, आणि मग पाठीमागून थंडगार झुळूक आली. पायलट उठला आणि म्हणाला, "नीचे चलते हैं, गाड़ी से." भाच्याचं तोंड उतरलं. "मामा, एवढे लोक उडतायत की!" मी त्याला काही बोललो नाही. चौदा किलोमीटर जीपने खाली आलो. तीन वाजता हॉटेलच्या पत्र्यावर हरभऱ्याएवढ्या गारा वाजायला लागल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्या घराने पाहिलेली आहे. तो आवाज ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. सुदैवाने हवेतले सगळे वेळेत उतरले होते.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं. भाचा बूट घालून तयार. पायलट पुन्हा नाही म्हणाला. विक्षोभ सरकून गेल्यावर मागून जोराचा थंड वारा येतो, डोळ्याला सगळं छान दिसतं आणि वर हवा फाडून काढते. फसतात लोक ते या दिवशी. त्याच्या पुढच्या दिवशी साडेदहाला भाचा उडाला आणि पंचवीस मिनिटं वर होता.

मधले दिवस वाया जात नाहीत. तिबेटी वसाहतीत फिरा, गरम थुक्पा म्हणजे तिबेटी शेवयांचं सूप प्या, शेराबलिंगच्या मठात जाऊन बसा, चहाचे मळे बघा. उतरायच्या मैदानावर दोन तास बसून इतरांचं उतरणं बघितलं तर तुमचं उतरणं सुधारतं, हे मी खात्रीने सांगतो.

प्रत्यक्ष उडताना

धावा. एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे. पायलट "दौड़ो" म्हणाला की उतारावरून धावायचं आणि पाय हवेत फिरायला लागले तरी धावत राहायचं. बहुतेक जण चौथ्या पावलाला ओढ बसली की घाबरून खाली बसतात, मग दोघंही ढुंगणावर घसरत जातात. पाठीवरचं कापड आधी मागे खेचतं, बैल जुवाला ताणतो तसं. त्या खेचण्याविरुद्ध छाती पुढे काढून तीन-चार पावलं टाकली की ओढ एकदम संपते आणि जमीन खाली राहते. आवाजसुद्धा बंद होतो. मग पायलट सांगेल तेव्हा मागे सरकून बसा.

वर पायलटच्या खांद्याजवळचं यंत्र टीं-टीं वाजत असतं. टीं-टीं जलद म्हणजे आपण वर चढतोय. लांब, जाड सूर म्हणजे खाली. गोल फिरताना पोटात ढवळलं तर लांबच्या बर्फाच्या शिखराकडे नजर ठेवा, फोनकडे नको. तरी बरं वाटेना तर लगेच सांगा, पायलट सरळ उडवतो. पोट रिकामं ठेवून जाऊ नका आणि पराठे हाणूनही जाऊ नका. दोन केळी बस. पंखाचा एखादा कोपरा फडफडून मिटला तर किंचाळू नका, बहुतेक वेळा तो दोन-तीन सेकंदांत उघडतो. तुम्ही दोऱ्यांना हात लावायचा नाही, तेवढंच.

उतरताना उलट. आधीच सीटमधून पुढे सरकून पाय मोकळे करा. पायलट म्हणेल तेव्हा उभे राहा, नाहीतर पाय सरळ पुढे वर धरा. तो सांगेल तेच, स्वतःच्या मनाने काही नको.

कपड्यांचं थोडक्यात: बीरमध्ये दुपारी नुसत्या शर्टावर भागतं, पण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंडी वाढते आणि वर वारा तोंडावर असतो. वारा आत न शिरू देणारं जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट. साडी, सैल ओढणी, मफलर नको. चष्म्याला मागून दोरी बांधा. खिशातली किल्ली, सुटे पैसे खाली ठेवून जा.

परतीचं तिकीट शेवटी काढावं असं वाटेल, पण सचखंडला ते मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं तेव्हाच काढा. फक्त तारीख अशी धरा की बीरमधला शेवटचा दिवस पूर्ण मोकळा राहील. त्या दिवशी उड्डाण ठेवूच नका. हवा कितीही चांगली असू दे, सामान बांधा, मैदानावर बसून इतरांना उतरताना बघा, आणि संध्याकाळच्या बसने निघा.